कुठली पाळी?

हे मी सांगायचं नव्हतं. आम्हा शब्दांचा एक नेम असतो. माणसं आमच्याकडून जे बोलून घेतात ते त्यांचं. आपल्या मनानं आम्ही तोंड उघडायचं नाही. त्यातून मी तर असा शब्द, की मला बोलण्याआधी बायका दाराकडं बघून घेतात. पण अहमदपूरच्या एका बाईचं दुःख माझ्याशिवाय कुणाला पुरतं ठाऊक नाही, आणि ती स्वतः आता मला तोंडात घेत नाही. म्हणून मीच बोलते. मी पाळी.

तुम्ही लगेच खाली बघितलंत. बघू नका. मी काही तेवढीच नाही.

शेतात मला मोठ्यानं बोलतात. पेरणीच्या आधी रान वखरून मोकळं करतात, ती वखराची पाळी. "यंदा दोन पाळ्या झाल्या," असं सांगताना शेतकऱ्याच्या आवाजात मी ऐटीत असते. गिरणीचा भोंगा वाजतो आणि माणसं डबे घेऊन आत जातात, त्यांची दिवसपाळी न् रातपाळीही मीच. हापशावर घागरींची रांग लागते तेव्हा मी भांडणात असते. आणि घरात, माजघरात, मला नावही मिळत नाही. "आली का?" "यंदा उशीर झाला." एवढ्यावर माझं भागवतात.

एकाच नावानं इतक्या घरी राहायचं सोपं नसतं. एका घरचा निरोप घेऊन निघावं आणि दुसऱ्याच घरी पोचावं, असं माझ्या बाबतीत होतं. उमादेवीच्या बाबतीत तेच झालं.

उमादेवी ही धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीतल्या महादेवप्पांची सून. तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता. उस्मानाबादेतून तो निराळा निघाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, लोक म्हणाले आता आपले दिवस आले. पण पावसाला नवा जिल्हा काही मानवला नाही. लागोपाठ त्यानं पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले. महादेवप्पांच्या रानात ज्वारी गुडघ्याएवढीच वाढून वाळली, तेव्हा त्यांचा मुलगा गुरुलिंग लातूरला डाळमिलमध्ये लागला. तो रातपाळीला असे. सुट्टी मिळाली की एस.टी.नं घरी यायचा, तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी बसलेली असायची.

उमादेवीच्या लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. सासू गंगम्मा वाईट नव्हती, हे मी आधीच सांगते. ती उमादेवीला उपाशी ठेवायची नाही, मारायची नाही. फक्त तिच्याशी बोलताना ती भांड्यांकडं, चुलीकडं, उंबऱ्याकडं बघायची. सुनेकडं बघायची नाही. आणि त्या उन्हाळ्यात गंगम्मानं ठरवलं होतं, की उदगीरच्या आपल्या भावाची मुलगी गुरुलिंगाला करायची. मुलगी चालताना थोडी लंगडायची, म्हणून तिचं लग्न राहिलं होतं. पहिली बायको असताना दुसरी करणं कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गंगम्मा म्हणायची, "कायदा काय माझ्या घरी पाळणा हलवाया येणार हाय?"

अक्षय्यतृतीयेनंतर उदगीरची माणसं बोलणी करायला यायची होती. उमादेवीला कुणी सांगितलं नव्हतं. पण गंगम्मानं ओसरी सारवायला काढली, त्यावरून तिला कळलं.

त्याच दिवसांतली ही गोष्ट. सोमवार होता. उमादेवीचा उपास होता आणि ती उजाडताच हापशावर गेली होती. आमच्या हापशाची रीत अशी, की आपली घागर पुढं सरकत जाते, पण ती तोंडाशी आली की माणूस हजर पाहिजे. नसला तर पाळी चुकली. मग घागर उचलून शेवटी. तिथं कुणी कुणाची गय करत नाही. पाणी मधेच संपतं, आणि शेवटच्या घागरीला चिखल येतो.

ऊन चढलं. उमादेवीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती बाभळीच्या बुडाला टेकून बसली, आणि बसली ती उठेना. तिची घागर तोंडाशी आली. मागच्या बाईनं ती पायानं बाजूला सारली आणि आपली लावली.

शेजारची साखराबाई मनानं मोकळी आणि आवाजानं त्याहून मोकळी. ती पाणी घेऊन परत निघाली होती. महादेवप्पांच्या दारावरून जाताना ती भिंतीपलीकडून ओरडली, "गंगम्मा! अगं ए गंगम्मा! तुझ्या सुनंची पाळी चुकली की गं! चक्कर येऊन बसली बग हापशापशी. ये लवकर!"

साखराबाईनं मला हापशावरून पाठवलं होतं. भिंत ओलांडून गंगम्माच्या कानात पोचेपर्यंत मी माजघरातली झाले होते.

गंगम्मा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि पिठाच्या हातांनी, अनवाणी ती हापशाकडं धावली. इतक्या वर्षांत ती सुनेसाठी पहिल्यांदाच धावली.

"आत्या, माझी घागर..." उमादेवी उठू लागली.

"मरू दे घागर! बस तू. हलू नको." गंगम्मानं तिला हाताला धरलं आणि कानाशी तोंड नेलं. "कितीवी चुकली गं?"

उमादेवीला वाटलं, सासू रागावली. ती घाईघाईनं म्हणाली, "एकच चुकली, आत्या. पुन्हा चुकणार न्हाई."

"पुन्हा चुकणार न्हाई म्हनं!" गंगम्मा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "येडी हाय का काय तू? चुकू दे, माय. नऊच्या नऊ चुकू दे."

उमादेवीला काही कळलं नाही. उपाशी माणसाला बोलणं तसंही लांबून ऐकू येतं. सासूनं तिला घरी नेलं, दूध तापवून गूळ घालून पाजलं, उशाला आपली घोंगडी दिली. उमादेवी पडल्या पडल्या विचार करत राहिली, की दुष्काळानं आत्याचं मन मऊ केलं असेल.

तुम्ही विचाराल, की घरातल्या बाईचं असं काही असेल-नसेल ते सासूला आधीच कळत नाही का? समोरच्या माधवरावांच्या घरी कळलं असतं. तिथं मी आले की बाई चार दिवस बाजूला बसते. गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण महादेवप्पांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. लिंग धारण केलं त्याला विटाळ नाही, अशी त्या घरची रीत. उमादेवी माझ्या दिवसांतही देवघर सारवायची, विभूती लावायची, भाकरी करायची. त्या रीतीनं तिला मोठा मान दिला होता. पण त्याच रीतीमुळं, आठवड्यापूर्वीच मी तिच्याकडं येऊन गेले, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी गंगम्मानं तिला देवापुढं बसवलं आणि तीन बोटांनी तिच्या कपाळावर विभूती ओढली.

"उदगीरला निरोप धाडला," ती म्हणाली. "म्हनलं, येऊ नका. आमच्या घरी पाळणा हलायचा हाय."

तेव्हा उमादेवीला कळलं. तिच्या हातातली वात खाली पडली.

"आत्या, तसं न्हाई. ती पाळी..."

गंगम्मानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप! त्याचं नाव काढू नको. पयले तीन म्हयने नाव काढत नसतेत. दृष्ट लागंल."

तिला मला फक्त नीट बसवायचं होतं. माझ्या आधी 'हापशाची' एवढा एक शब्द ठेवायचा होता, झालं. पण ज्या शब्दानं सगळं सरळ झालं असतं तोच बोलायला बंदी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा धीर केला, तर ओसरीवर सासरे बसलेले. सासऱ्यांसमोर मला कोण उच्चारणार?

तुम्ही म्हणाल, रांग चुकली असं सांगायचं होतं. एका दुपारी ती ते सांगायला गेलीही. गंगम्मा तिच्या केसांना तेल लावत होती. बोटं कडक होती, पण हलकी फिरत होती. उमादेवीची आई ती लहान असतानाच गेली होती. तिच्या डोक्यावरून असा हात कुणी कधी फिरवला होता, तिला आठवेना. तिनं मनाशी म्हटलं, तेल लावून होऊ दे. तेल लावून झालं. मग म्हटलं, वेणी होऊ दे.

अशानं खरं बोलणं जड होत गेलं.

हापशावर आता गंगम्माच जायची. तिचे गुडघे दुखायचे, तरी ती कमरेवर घागर घेऊन निघायची. बायका तिला छेडायच्या.

"काय गंगम्मा, सून गादीवर अन् सासू हापशावर?"

"हाव, गादीवर. तुझं का पोट दुखून राहिलं?"

"न्हाई, इचारलं आपलं. सून ऐकते तरी का तुझं आता?"

"न्हाई ऐकत तर न्हाई ऐकत. मी ऐकते तिचं. तू घागर सरकव."

महादेवप्पा कमी बोलणारे. ते सकाळी बैल घेऊन रानात जात आणि भेगाळलेली जमीन वखरत. पाऊस कुठंच नव्हता. लोक हसायचे. ते म्हणायचे, "पाळी घालून ठिवतो. त्यो आला अन् रानच तयार नसलं तर?" त्यांच्या तोंडी मी फार सुखात असायची. एका संध्याकाळी ते आले आणि त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यातून चिंचेचे आकडे काढून उंबऱ्यावर ठेवले. कुणासाठी ते बोलले नाहीत. पाय धुवायला पाणी नव्हतं, म्हणून पाय झटकून आत गेले.

उमादेवीनं त्यातली एक चिंच खाल्ली. आंबट लागली, आणि ती चुलीकडं तोंड करून रडली.

मग गुरुलिंग आला. त्याला मिलमध्ये निरोप पोचला होता. एका सोबत्याला आपली रातपाळी देऊन तो एस.टी.त उभ्यानं आला होता. हातात पिशवी, पिशवीत मोसंबी. दुपारी जेवणं झाल्यावर उमादेवी माळवदावर वाळवण उलटायला गेली, तसा तो मागोमाग आला. आपल्या हातांनी मोसंबं सोलत तो तिच्यासमोर बसला. लग्न झाल्यापासून त्यानं तिला काही सोलून दिलं नव्हतं.

"अहो, तसं काही न्हाई," उमादेवी म्हणाली.

"काय न्हाई?"

"हापशावरची पाळी चुकली होती. रांगेतली. साखराबाई त्याचं बोलली."

गुरुलिंग आधी हसला. त्याला खरंच हसू आलं. मग ते थांबलं. सालीचा एक लांब तुकडा त्याच्या बोटांना लोंबत राहिला.

"म्हंजे काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

"मी मुकादमाला सांगून आलो," तो म्हणाला. "म्हनलं, मला दिवसपाळी द्या, आता घरी जाणं-येणं करावं लागंल. सगळ्यांनी पाठ थोपटली माझी."

खाली गंगम्मा कुणाशी तरी हसत बोलत होती, ते वर ऐकू येत होतं.

"मायला सांगू नको," तो हळूच म्हणाला. "चार दिस जाऊ दे, अन् मग पडलं म्हन. एकदा ऱ्हायलं ते पुन्हा ऱ्हाईल, असं म्हनंल माय. उदगीरचं कायमचं मोडंल."

"त्यापरीस तुमी न्हाई म्हना की. नवराच न्हाई म्हनला तर लगीन कोण लावतंय?"

गुरुलिंगानं मोसंब्याची एक फोड वेगळी केली. ती तिला दिली नाही, स्वतःही खाल्ली नाही. "मायसमोर माझं तोंड उघडत न्हाई, उमा. तुला ठाऊक हाय."

तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. आणि उमादेवीनं ठरवलं, की नवरा म्हणतो तसं करायचं. मी तिला दोष देत नाही. तिच्याजवळ दुसरं काय होतं? माहेरी सावत्र आई. शिक्षण चौथीपर्यंत. एका खोट्या वाक्यानं घर राहत होतं. आणि ते खोटं कुणाला उघडं पडणार नव्हतं, कारण माझे दिवस भरत आले होते. मी आले की तिनं फक्त पोट धरून बसायचं होतं.

मी आले. येताना मला कधी इतकं जड वाटलं नव्हतं.

गंगम्मा मधल्या खोलीत बसली होती. तिच्यासमोर तिचं स्वतःचं जुनं लुगडं पसरलेलं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. ती त्याचं दुपटं शिवत होती. उमादेवी दारात उभी राहिली. चेहरा पांढरा, हात पोटावर. वाक्य तोंडाशी आलेलं.

गंगम्मानं वर न बघताच बोलायला सुरुवात केली. "गुरूच्या आधी तीन पडले माझे," ती म्हणाली. "ठाऊक हाय का तुला? कुनालाच ठाऊक न्हाई. तवा रडू बी दिलं न्हाई कुणी. सासू म्हनली, नाव ठिवायच्या आधी गेलं त्याचं काय रडायचं? मी भाकरी थापत राहिले." तिनं दोरा दातानं तोडला. "आता तुझं कळल्यापासून ते तिन्ही आठवून राहिले मला. म्हनलं, ह्या दुपट्यात समद्यांनाच निजवावं."

उमादेवीचे हात पोटावरून खाली आले. जे कधी नव्हतंच, ते चौथं ती या बाईच्या ओटीत टाकू शकली नाही.

ती खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सोमवारचा उपास, बाभळ, पायानं सारलेली घागर, साखराबाईची हाक. सासूसमोर मला तिनं पहिल्यांदाच पूर्ण, नीट बसवून उच्चारलं. "हापशाची पाळी, आत्या. माझी न्हाई. माझी तर आत्ताच आली."

गंगम्मा शिवत राहिली. सुई खाली गेली, वर आली. पुन्हा खाली गेली.

"म्हंजे रांगेतली," ती म्हणाली.

"हाव."

"अन् हे कधीपास्नं ठाऊक तुला?"

"तुमी विभूती लावली, तवापास्नं."

सुई थांबली. गंगम्मानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. राग नव्हता त्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग सांगितलंस कशाला?" ती म्हणाली. "पडलं म्हनायचं होतंस, येडे. मी रडले असते तुझ्यासंगं. तुला ठिवून घेतलं असतं. आता मला खरं कळलं, आता मी काय करू? भावाला काय सांगू? ही पाळी आणलीस गं तू माझ्यावर!"

ते शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं. ओसरीवर महादेवप्पा होते, तरी म्हटलं. त्या घरात गंगम्मानं मला उघड आवाजात उच्चारलं ते पहिल्यांदाच. तेव्हा मी पाण्याची नव्हते, रानाची नव्हते, बाईच्या अंगाचीही नव्हते. दुसरा काही रस्ता राहिला नाही की माणसाच्या तोंडून मी अशी येते.

उदगीरला पुन्हा निरोप गेला.

उदगीरची ती मुलगी, पार्वतम्मा, आली तेव्हा वाजंत्री नव्हती. जंगम स्वामींनी घरातच अक्षता टाकल्या. गुरुलिंगानं शेवटपर्यंत मान वर केली नाही. नंतर त्यानं मुकादमाला सांगून रातपाळी कायमची मागून घेतली.

गंगम्मानं दोघी सुनांना समोर बसवून सांगितलं, "भांडायचं न्हाई. समदं पाळीपाळीनं करा. सैपाक, पानी, भांडी. एक दिस तू, एक दिस ती." तिनं नावं घेतली ती घरकामांचीच, पण काही गोष्टी न बोलताही कळतात. गुरुलिंग सुट्टीला आला की उमादेवी आपलं अंथरूण उचलून माळवदावर जायची. ती पाळी कधी उलटी झाली नाही.

पार्वतम्मा मनानं गरीब होती. तिला उमादेवीची भीती वाटायची, आणि उमादेवीशिवाय तिचं पानही हलायचं नाही. ती तिला अक्का म्हणायची. पुढच्या साली मृगानं दगा दिला नाही. महादेवप्पांचं वखरलेलं रान तांबूस ओलं झालं, तूर वर आली. भर पावसाळ्यात एका सकाळी पार्वतम्मा न्हाणीपाशी आली. उमादेवी घागर घासत होती.

"अक्का," ती इतक्या हळू म्हणाली, की मलाही जेमतेम ऐकू आलं. "माझी पाळी चुकली."

उमादेवीनं हातातली राख खाली टाकली. "कुठली?" तिनं विचारलं.

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच विचारावं लागलं. जगात दुसऱ्या कुठल्या बाईला हा प्रश्न सुचला असता, मला ठाऊक नाही.

पार्वतम्मानं पदराचं टोक दातात धरलं आणि खाली बघितलं. उमादेवीनं हात धुतले, ती आत गेली आणि गंगम्मासमोर उभी राहिली.

"आत्या, पार्वतीला दिवस गेलेत. खरंच गेलेत. मी नीट इचारून घेतलं."

तिनं मला वगळलं. मी दारातच उभी राहिले.

त्या दिवसापासून उमादेवीनं मला सोडलं. हापशावर ती 'माझा नंबर' म्हणते. महादेवप्पा रानात गेले की 'मामा वखराया गेले' म्हणते. गुरुलिंगाचं कुणी विचारलं, तर 'रात्रीची ड्युटी हाय' म्हणते. माजघरात तर ती बोलतच नाही. महिन्याच्या महिन्याला मी तिच्याकडं जाते, आणि ती मला नाव न घेता आत घेते. गल्लीतल्या बायकांना वाटतं, लातूरचं वारं लागलं, उमादेवी शहरी बोलायला लागली.

माझं म्हणणं फार नाही. मला बोलताना दाराकडं बघू नका. मी पाण्याची असले तर पाण्याची म्हणा, गिरणीची असले तर गिरणीची म्हणा, आणि बाईची असले तर तेही सरळ म्हणा. दबक्या आवाजात बोललेला शब्द नीट ऐकू येत नाही, आणि नीट न ऐकलेल्या शब्दावर माणसं आयुष्य ठरवतात. मुलींना तरी मला तोंड भरून बोलू द्या.

आज महादेवप्पांच्या ओसरीवर गर्दी आहे. पार्वतम्माला मुलगी झाली, तिचे कान टोचायचे आहेत. म्हातारे हणमंतराव सोनार तार घेऊन बसलेत. पार्वतम्माला तार बघवेना, ती आत पळाली आहे. पोरीला कुणी मांडीवर घ्यायचं म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या, तेव्हा गंगम्मा म्हणाली, "उमाकडं द्या. तिच्याजवळच गप बसती ती." म्हणताना ती उमादेवीकडंच बघत होती.

उमादेवीनं पोरीला घेतलंय. एका हातानं डोकं छातीशी दाबून धरलंय, दुसऱ्यानं दोन्ही मुठी. पोरगी रडून लाल झाली आहे. टोचायच्या जागी काजळाचा ठिपका काढला होता तो रडण्यात पुसून गेलाय, आणि हणमंतरावांना दिसतं कमी.

"बाई, नेमकं कुठं टोचू? हितं का वर?"

बोट दाखवायला उमादेवीचा हात मोकळा नाही. कानाच्या खालच्या त्या मऊ जागेला आमच्या बोलीत माझ्याशिवाय दुसरं नाव नाही. तिथं नंबर चालत नाही, ड्युटी चालत नाही. सगळ्या थांबल्यात. सोनाराची तार कानाजवळ आली आहे, चुकीच्या जागी, जरा वर.

"वर न्हाई, मामा," उमादेवी म्हणाली. "खाली..."

तिनं ओठ ओले केले. थांबा, ती मला बोलावतेय. मला जायला पाहिजे. तुम्हाला शेवटचं एवढंच सांगते, की तिच्या तोंडी मी पुन्हा